पाठीमागची जागा

टिपणिसांच्या घरात मानपानावरून भांडण व्हायला लग्नकार्यच लागतं असं नाही. या खेपेला कारण नेदरलँड्समधल्या टिलबर्गहून आलं, तेही घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाकडून. आपण फोनवर सहज सांगितलेल्या गोष्टीचं घरच्यांनी काय करून ठेवलंय, याची सारंगला दोन दिवस कल्पनाच नव्हती.

शनिवारी सकाळी आइंडहोवनच्या घरात जेवणाच्या टेबलाभोवती पाच जण मोड आलेले वाल सोलत बसले होते. वाल मंजूषाने हेगच्या सुरिनामी दुकानातून आणले होते, भिजवून मोडही तिनेच काढले होते, आणि झूटरमेरहून गाडीत शेजारच्या सीटवर पातेलं ठेवून ती ते आइंडहोवनला घेऊन आली होती. नवरा चंद्रहास घरीच राहिला होता. माहेरची माणसं जमणार असली की त्याचा गुडघा दुखतो, हे आता सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. बिरडं सोलायला बसलं की टिपणिसांचे हात आणि तोंडं सारख्याच वेगाने चालतात. सारंगच्या आईचे, म्हणजे जयंतीचे, फक्त हात चालत होते.

"गोल किती केले सारंगने?" आप्पांनी विचारलं. आप्पा, म्हणजे श्रीनिवास टिपणीस, पुण्याहून तीन महिन्यांसाठी लेकाकडे, श्रीकांतकडे, आले होते आणि आल्यापासून प्रत्येक गोष्ट मुळापासून समजावून घेत होते.

"एकही नाही, आप्पा," श्रीकांत म्हणाला. "हा अमेरिकन फुटबॉल आहे. त्याच्याकडे बॉल येतच नाही."

"मग बक्षीस कशाचं?"

श्रीकांतने चार वाल ओळीत मांडले, मग आणखी एक. चिपच्या मशीनवर काम करणाऱ्या माणसाला काहीही समजावताना आकृती लागतेच. "हे पाच जण पुढे उभे. हे लाइनमन. यांच्यामागे हा एक, बॉल फेकणारा. समोरचे सगळे याला पाडायला धावून येतात. या पाचांचं काम एवढंच, की त्यांना याच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही. मागे वळून बघायचं नाही, बॉलला हात लावायचा नाही. फक्त अडवायचं."

"द्वारपाल," आप्पा म्हणाले. "बरं. म्हणजे निदान कामाचा माणूस आहे."

विद्यापीठांच्या संघांमध्ये दर वर्षी एका सर्वोत्तम लाइनमनची निवड व्हायची. मतं द्यायचे ते प्रतिस्पर्धी संघांतले खेळाडू, म्हणजे ज्यांना त्याने वर्षभर आडवं केलं तेच. बक्षीस म्हणून एक वीट मिळायची, भिंतीतली साधी तांबडी वीट, तिच्यावर नावाची पट्टी. इथवर टिपणिसांना भांडण्यासारखं काही नव्हतं. पण त्या समारंभात एक प्रथा होती. जिंकणारा मुलगा मंचावर खेळातल्यासारखा एक हात जमिनीला टेकून वाकून बसतो, आणि त्याने बोलावलेलं एक माणूस बॉल घेऊन त्याच्या पाठीमागे उभं राहतं. तसा फोटो काढतात आणि क्लबच्या भिंतीवर लावतात. सारंग शेवटच्या तिघांत होता. सगळे या, असं तो म्हणाला होता. पाठीमागे कोण, हे त्याने सांगितलं नव्हतं.

"आप्पांनी उभं राहावं," श्रीकांत म्हणाला. "सगळ्यांत मोठे तेच. प्रश्नच मिटला."

श्रीकांतला प्रश्न मिटवायची घाई नेहमीच असते, कारण तो पेटला तर दोन्ही बाजूंनी त्यालाच हाक मारतात.

"ह्यांनी?" कुमुदिनीबाईंनी सुनेकडे न बघता तिच्यापुढची वाटी स्वतःकडे ओढली. "ह्यांच्या हातातून ब्लडप्रेशरची गोळी सुटते. बॉल काय धरणार? आणि पायऱ्या चढायच्या असतील तर?"

"मी पर्वती चढतो अजून."

"चढता ना, आणि मग दोन दिवस कण्हता."

आप्पांनी पुढचा वाल उचलला. मंजूषाने एक वाल दाबला, त्याची डाळ टुपकन भांड्यात पडली. "तसं बघायला गेलं तर," ती म्हणाली. मंजूताईंचं वाक्य असं सुरू झालं की ते कुठे जाऊन थांबणार हे जयंतीला ठाऊक होतं. "तसं बघायला गेलं तर, त्याच्या वाढीच्या वयात त्याच्यामागे कोण उभं होतं, हाच प्रश्न आहे. मी माझं म्हणत नाहीये. पण पोहण्याचे तिन्ही डिप्लोमे झाले तेव्हा कडेला टॉवेल धरून कोण होतं? ताप आला की हाउसआर्ट्सकडे, डॉक्टरकडे, कोण न्यायचं? श्री, तू तैवानला होतास तेव्हा. तूच सांग."

"हो, म्हणजे, ताई, ते आहेच," श्रीकांत म्हणाला.

"मंजूचं खरंय," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

कोण नव्हतं, हे कुणीच बोललं नाही. त्याची गरजही नव्हती. सारंग नऊ वर्षांचा असताना जयंती वडिलांच्या आजारपणासाठी पुण्याला गेली होती. वडील वर्षभरात गेले, आणि ती मात्र आणखी दोन वर्षं परतली नाही. श्रीकांतशी तेव्हा तिचं काय बिनसलं होतं ते दोघांनाच माहीत. त्या तीन वर्षांत सारंग झूटरमेरला आत्याकडे राहिला. जयंती परत आली तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि तिच्यापेक्षा उंच. या गोष्टीलाही आता नऊ वर्षं झाली होती, पण टिपणिसांच्या घरात ती शिळी झाली नव्हती. 'तू नव्हतीस ना तेव्हा,' असं कुणीतरी सहज म्हणायचं आणि पुढे मीठ मागायचं.

"आईचा मान पहिला," आप्पा एकदम म्हणाले.

सगळ्यांनी मान वर केली. आप्पांनी आजवर सुनेची बाजू घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं. जयंतीला मात्र त्या मताची किंमत लगेच कळली. पर्वतीचा अपमान झाला होता, तो बायकोवर आणि लेकीवर असा वळता केला जात होता.

"मला नकोय आप्पा," ती म्हणाली.

हे धादांत खोटं होतं. तिला ती जागा हवी होती. सारंगने फोनवर ती प्रथा सांगितल्यापासून तिने त्या फोटोत स्वतःला कितीदा उभं केलं होतं. बॉल कसा धरायचा, केस बांधायचे की मोकळे, इथपर्यंत. परत आल्यापासून तिने त्याला एकदाही विचारलं नव्हतं, की तू मला माफ केलंस का. असलं काही विचारायचं तर कुठल्या भाषेत, हेही तिला समजत नव्हतं. ती मराठीत बोलायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि मधल्या मध्ये बरंच काही सांडायचं. आता तो चारचौघांत कुणाला तरी हाक मारणार होता. तेच उत्तर असणार होतं.

दुपारी श्रीकांतने आपल्या परीने तोडगा काढला. समारंभाची व्यवस्था बघणाऱ्या मुलीला त्याने मेल केला: पाठीमागे दोन व्यक्ती उभ्या राहिल्या तर चालेल का, आणि चालणार असेल तर वयाने मोठ्या व्यक्तीने कोणत्या बाजूला उभं राहण्याची पद्धत आहे? ती मुलगी सारंगच्याच वर्गातली निघाली. तिने तो मेल हसऱ्या चेहऱ्यासकट सारंगला पुढे पाठवून दिला.

सारंग चार वाजता आला. स्टेशनवरून भाड्याच्या सायकलवर, दारातून जरा तिरकं होऊन आत. एकशेबारा किलोचा तो देह टिपणिसांत कुठून आला, हा कुमुदिनीबाईंच्या मते जयंतीच्या माहेरचा दोष होता आणि श्रीकांतच्या मते डच दुधाचा परिणाम. त्याने आजीआजोबांना वाकून नमस्कार केला, आत्याला मिठी मारली, आईला "हाय मॉम" म्हणाला आणि बापाकडे वळला.

"बाबा, व्हाय डिड यू मेल हर? वयाने मोठी व्यक्ती कोणत्या बाजूला? सीरियसली?"

"प्रोटोकॉल विचारला रे फक्त."

"देअर इज नो प्रोटोकॉल. आणि मी जिंकलो तर ना."

"जिंकणारच," मंजूषा म्हणाली. "कोणाला बोलावणार ते ठरवलंयस ना? म्हणजे त्या माणसाला कपड्यांचं बघायला बरं."

सारंग तिच्याकडे बघून हसला. "नाइस ट्राय, आत्या." आणि जिना चढून वर गेला.

स्वयंपाकघरात कुमुदिनीबाई बिरड्याला नारळाचं दूध घालत होत्या. जयंती शेजारी कोथिंबीर चिरत होती. बाहेर मंजूषा आप्पांना उद्या नेसायची साडी दाखवत होती, मोतिया रंगाची, आणि आप्पा सकाळचा राग विसरून काठाची तारीफ करत होते. म्हणजे जयंतीला मिळालेलं एकुलतं मतही गेलं होतं.

"एक सांगू?" कुमुदिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "राग मानू नकोस."

"सांगा ना, आई."

"तू आपणहून मागे सर. सगळ्यांदेखत म्हण, की मंजूताईच उभ्या राहू देत. अगं, उद्या त्याने भर सभेत तिला हाक मारली, तर तुझ्या तोंडाकडे बघवणार नाही कुणाला. आधीच म्हणालीस तर तो तुझा मोठेपणा होईल. मी काही मंजूसाठी सांगत नाहीये."

त्या मंजूसाठीच सांगत होत्या, पण फक्त मंजूसाठी नव्हे. जयंतीने सासूकडे पाहिलं. त्या डावाने पातेल्याची कड पुसत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती. यामुळेच तर सगळं अवघड होतं. सरळ वैर असतं तर जयंतीने कधीच दोन हात केले असते. ही माणसं तिला प्रेमानेच बाजूला करत होती, आणि जेवायलाही वाढत होती.

"बघते," ती म्हणाली.

जेवताना तिने ते म्हटलं. सारंगने बिरड्याची तिसरी वाटी घेतली होती. बोलणं मधेच थांबलं होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "मला वाटतं, उद्या मंजूताईच उभ्या राहू देत. त्यांनीच केलंय सगळं."

मंजूषाचे डोळे भरून आले. "अगं, असं कसं," ती म्हणाली, पण नाही म्हणाली नाही. श्रीकांतने सुस्कारा सोडला आणि बायकोच्या पानात आपल्याकडची तळलेली सुरमई ठेवली. आप्पा म्हणाले, "शाब्बास. याला म्हणतात संस्कार." कुमुदिनीबाईंनी मान डोलावली.

सारंगने घास खाली ठेवला. "हू टोल्ड यू टु से दॅट?"

"कुणी नाही रे. माझं मीच म्हणतेय."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग एकेकाकडे, सावकाश. खेळताना समोरची रांग बघावी तसं. "ओके," तो म्हणाला आणि पुन्हा जेवू लागला. जयंतीला त्या 'ओके'चा अर्थ लागला तो असा, की बरं झालं, माझं काम सोपं केलंस. तिने ताटातली सुरमई संपवली. चव कशी होती ते तिला सांगता आलं नसतं.

समारंभ रविवारी दुपारी टिलबर्गच्या बाहेर, क्लबच्या कँटीनमध्ये होता. तळणीचा वास, ओल्या बुटांचा चिखल, लांब बाकं आणि प्रत्येक बाकावर सारंगएवढीच मुलं. त्यांच्यात मोतिया साडी आणि आप्पांचा कोट उठून दिसत होता. मंच म्हणजे हातभर उंचीचा लाकडी चौथरा. टिपणिसांना पहिलं बाक मिळालं. मंजूषा मंचाच्या बाजूला बसली, जयंती भिंतीच्या. बसायची जागा कुणी ठरवली नव्हती, ती आपोआप ठरली होती.

नाव जाहीर करायला प्रतिस्पर्धी संघातला एक लालबुंद मुलगा आला. त्याने डचमध्ये सांगितलं, की या माणसाच्या अंगावर आपण वर्षभर धडका मारल्या आणि एकदाही पलीकडे पोचलो नाही, आणि खेळ संपल्यावर दर वेळी यानेच हात देऊन उठवलं. मग त्याने 'सारांग तिप्निस' असं काहीतरी म्हटलं. बाकं बडवली गेली. श्रीकांत उभा राहून टाळ्या वाजवू लागला, आप्पांनी कुमुदिनीबाईंना "आपलंच नाव ना?" असं विचारून घेतलं. जयंतीने टाळ्या वाजवल्या. तिला आनंद झाला होता, खरा आनंद, आणि त्याच्याखाली दुसरं काहीतरी दबून बसलं होतं.

मेल पुढे पाठवणारी ती मुलगी माइक घेऊन सारंगजवळ गेली. पाठीमागे कोण?

मंजूषाने पदर सावरला आणि ती अर्धी उठली.

"माझी आई," सारंग डचमध्ये म्हणाला.

कळायला सगळ्यांना एक क्षण लागला. उठलेल्या मंजूषाने बाकावर काही सांडलंय का ते बघितल्यासारखं केलं आणि ती बसली. जयंती जागेवरून हललीच नाही. शेवटी श्रीकांतने तिला कोपराने ढोसलं. ती मंचावर गेली तेव्हा कुणीतरी तिच्या हातात बॉल दिला. तो तिला वाटला होता त्यापेक्षा जड होता.

"आईच का?" त्या मुलीने विचारलं. जिंकणाऱ्याने एक वाक्य बोलायचं असतं.

सारंग बोलला. एकच वाक्य, तेही डचमध्ये, आवाज न चढवता. श्रीकांत खाली मान घालून आपल्या ग्लासाकडे बघू लागला.

"काय म्हणाला?" कुमुदिनीबाईंनी विचारलं. त्यांना कमी ऐकू येत असल्याने तो प्रश्न सगळ्या सभागृहाला ऐकू गेला. "श्री, काय म्हणाला तो?"

उत्तर दिलं ते मंजूषाने. सांगायचं टाळता आलं असतं, जरा फिरवून सांगता आलं असतं, आई छान आहे असं म्हणाला, एवढं म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं. पण मंजूषाने शब्द न् शब्द सांगितला.

"तो म्हणाला, ज्याच्यावर सगळे धावून येतात, त्याला पाठीमागे ठेवायचं असतं. आमच्या घरात ती माझी आई आहे."

मग सारंग वाकला. एक हात जमिनीला टेकवला, पाठ सपाट केली आणि समोर बघू लागला. समोर पहिलं बाक होतं.

जयंती त्याच्यामागे बॉल धरून उभी राहिली. इथून तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होती ती रुंद पाठ, आणि तिच्या पलीकडे तिची सासरची माणसं, एका ओळीत बसलेली. तिने ज्याला मान समजलं होतं तो मान नव्हता. त्याला वाढवल्याचं बक्षीस मंजूताईंना मिळायला हवं होतं, आणि तसलं बक्षीस इथे नव्हतंच. ही जागा ज्याला मार बसतो त्याची होती. तिला वाटलं होतं, मराठीत चाललेलं बोलणं या मुलाच्या कानावरून जातं. तू नव्हतीस ना तेव्हा, मीठ दे. नऊ वर्षं तो जेवत होता, आणि ऐकत होता. तिला अभिमान वाटला नाही. तिला लाज वाटली, की त्याला हे काम करावं लागलं, आणि त्या लाजेच्या आतच कुठेतरी इतकं सुख होतं, की बॉल हातातून निसटतो की काय अशी तिला भीती वाटली.

फोटो झाला. फोटोग्राफरने अंगठा दाखवला. टाळ्या सुरू झाल्या, बाकावरची मुलं उठून मंचाकडे येऊ लागली. सारंग उठला नाही.

मंजूषा सगळ्यांच्या आधी निघाली होती. साडीच्या निऱ्या एका हाताने उचलून, डोळे पुसत ती चौथऱ्यापर्यंत आली आणि थांबली. समोर तो वाकलेला होता, ज्याला तिने तीन वर्षं झोपवलं होतं, आणि तो तिच्याकडे बघत होता, पण वाट देत नव्हता. तिने मंचावर पाऊल ठेवलं नाही. तिने जयंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त उभी राहिली, परवानगी मागायची सवय नसलेली माणसं राहतात तशी.

जयंती वाकली आणि तिने आपला हात मुलाच्या पाठीवर ठेवला. ती पाठ दगडासारखी ताठ होती.

"सारंग," ती म्हणाली, "येऊ दे आत्याला."

तो क्षणभर तसाच राहिला. मग त्याने जमिनीवरचा हात उचलला, उभा राहिला आणि एक पाऊल बाजूला झाला.